मामांकडून

वज्री म्हणजे काय हे भाचीला सांगताना माझी थोडी पंचाईतच झाली.

"पाय घासायची असते ती," मी म्हटलं.

"म्हणजे प्युमिस स्टोन?"

आता म्हटलं तर प्युमिस स्टोनच. फक्त पितळेचा, आणि पाठीवर मोर बसलेला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशा वज्र्या काचेआड मांडून ठेवल्या आहेत. मोरीच्या कोपऱ्यात, कुणी पाहुणा कधी डोकावणार नाही अशा जागी वापरायची ही वस्तू. तिच्यावर इतकी कारागिरी कुणी आणि का करून घेतली असेल, या विचारात मी होते. भाची मात्र वहीवर वाकून चित्र काढायला लागलीसुद्धा. ती डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. घरगुती वापरातल्या दहा वस्तूंची रेखाटनं करून न्यायची होती तिला. पुण्यात त्यासाठी बाजीराव रस्त्याजवळच्या या जुन्या वास्तूइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

"खालून कशी असते गं ही?"

"खरखरीत. बारीक चिरा पाडलेल्या असतात. आमच्याकडे होती एक. आजी टाचा घासायला बसली की माजघरापर्यंत करकर ऐकू यायची."

"खालचं दिसतच नाहीये पण."

ते कसं दिसणार? मांडायची म्हटली की मोरच वर येणार. वज्रीचं सगळं काम खालच्या अंगाला, मोर आहे तो धरायला मूठ म्हणून. दिवसभराची कामं आटोपून टाचा घासत बसलेल्या बाईला मोर दिसतही नसेल, तो तिच्या मुठीत असेल. तिला दिसत असतील भेगा.

पुढे अडकित्ते होते. घोडे, पक्षी आणि स्त्री-पुरुषांच्या जोड्या. त्यातल्या काही जोड्या फारच जवळ आलेल्या. भाचीने माझ्याकडे न बघता चित्र काढायला घेतलं, मी तिच्याकडे न बघता दिव्यांकडे गेले. समया, लामणदिवे, हातदिवे बघून परत आले तर ती विचारते, "मावशी, हे कुणाचं होतं?"

"अडकित्ता? असेल कुणा पान खाणाऱ्याचा."

"तसं नाही गं. नक्की कुणाचं?"

काय सांगणार? बाजारातून, मोडीच्या दुकानातून, विकायला निघालेल्या वाड्यातून वस्तू गोळा होते तेव्हा तिच्याबरोबर घराण्याची वंशावळ येत नाही. धातू कळतो, घडण बघून प्रदेश आणि शतक सांगता येतं. सुपारी कातरणाऱ्या हाताबद्दल कोण सांगणार?

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवी होते. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि तो पुढे जन्मभर टिकला. पत्नी कमलाबाईंची त्यात पूर्ण साथ. शस्त्रं त्यांच्या संग्रहातही आहेत, कोथरूडहून हलवून आणलेला मस्तानीचा महालही आहे, पण या माणसाचा खरा जीव दौती, कुलपं, फण्या, करंडे, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी असल्या किरकोळ गोष्टींत. बरंचसं सामान अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं. १९६० पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू झाल्या, १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये केळकरांनी सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. आज वस्तू वीस हजारांवर आहेत, मांडलेल्या साधारण अडीच हजार. म्हणजे आपण बघतो त्याच्या सातपट सामान आत पेट्यांतून, कपाटांतून बसून आहे. कोणत्याही मराठी घराच्या माळ्यासारखंच म्हणायचं.

नावाची गोष्ट मला उशिरा कळली. शाळेच्या सहलीबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, राजा केळकर म्हणजे कुणी संस्थानिक असणार, त्याशिवाय इतकं सामान कुठून? राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो सात वर्षांचा असताना गेला. राजा दिनकर केळकर. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसं. एवढं सगळं ज्याने जमवलं तो बाप पाटीवर मधल्या नावापुरता उरला आहे. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने पेन्सिल थांबवली, मग "ओह," म्हणाली आणि पुन्हा काढायला लागली. तिच्या पिढीचं 'ओह' बरंच काही असतं, असं मी समजून घेते.

घरी येताना रिक्षात म्हणाली, "आपल्याकडे आहे का असं काही?"

मी म्हटलं, "माळा काढ."

माळा काढणं हे वाटतं तेवढं साधं काम नाही. शिडी, जुनं धोतर, नाकाला रुमाल, खाली सामान घ्यायला एक आणि "ते नको, ते राहू दे," म्हणायला एक. आई गेल्यापासून तिकडे कुणी हात लावलेला नव्हता. परात, दोन पातेली, पुरणयंत्र, सोऱ्या, गंज, एकात एक बसवलेल्या सोळा वाट्या, तांब्या, गडू, ताम्हण असं एकेक खाली येत गेलं. भाची फरशीवर सगळं पसरून बसली आणि पाचच मिनिटांत ओरडली, "मावशी, ह्यांच्यावर तर सगळं लिहिलेलं आहे!"

आहेच. आपण ते वाचायचं सोडून दिलंय, एवढंच. भांडं विकत घेतलं की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला, "नाव घालायचंय का?" आपण चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचा. मग कोपऱ्यातल्या स्टुलावरचा माणूस विजेची लेखणी घेऊन भांडं मांडीवर धरतो आणि टर्रर्र करत काठाखाली अक्षरं उमटवतो. पूर्वी पितळेवर टोच्याने एकेक ठिपका ठोकत नाव घालायचे, त्यामुळे जुनी अक्षरं जोंधळ्याच्या दाण्यांची ओळ मांडल्यासारखी दिसतात. शुद्धलेखन त्या माणसाच्या मर्जीवर. आमच्याकडे एका डब्यावर 'वास्तूशांत' आहे, एका ताटावर 'वास्तुशांति', आणि एका पातेल्यावर नुसतंच 'वास्तु', कारण पुढे कडी आली.

मुंज, डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा, सेवानिवृत्ती, संक्रांतीचं वाण. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. सहा इंची ताटलीवर अख्खा दस्तऐवज. ह्याचा खरा उपयोग अगदी व्यावहारिक होता. शेजारी खीर पाठवली तर वाटी परत यावी, कार्यात वापरायला दिलेलं पातेलं दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. (वाटी परत यायची ती रिकामी येत नसे. निदान चार साखरेचे दाणे तरी. हा नियम कुणी मोडला तर आई त्या घराबद्दल वर्षभर काहीबाही बोलायची.) पण व्यवहारासाठी कोरलेलं ते नाव पुढे भलत्याच कामाला येतं. माझ्या आईचं लग्नात नाव बदललं होतं. सहा-सात वर्षांची असताना मला दिसेल ते अक्षर लावून वाचायचा नाद लागला, तेव्हा पाण्याच्या गडूवर एक बाईचं नाव वाचलं आणि आईला विचारलं, "ही कोण?"

आई पोळ्या लाटत होती. "मीच," म्हणाली. "आधीची."

तो गडूही त्या दिवशी माळ्यावरून खाली आला. भाचीने आजीचं माहेरचं नाव पहिल्यांदा वाचलं. घरात कुठल्याही कागदावर ते नाव आता नाही.

एक मात्र आहे. नाव असतं ते दिलेल्या भांड्यावर. तवा, पोळपाट, विळी, खलबत्ता यांच्यावर कुणी नाव घालत नाही, कारण त्या वस्तू कुणी अहेरात देत नाही. आणि सगळ्यात जास्त हात लागतो तो यांनाच. आमच्या आजीची विळी अजून आहे. धार लावून लावून पातं इतकं झिजलंय की मूळचं रुंद पातं आता द्वितीयेच्या चंद्राएवढं उरलंय. पाटावर डाव्या बाजूला एक खोलगट चकचकीत जागा आहे, आजी पाय ठेवून बसायची तिथे. संग्रहालयात पाटी लिहायची झाली तर काय लिहिणार? विळी, लोखंड व लाकूड, विसावं शतक.

पितळेचं सामान आमच्याकडे इतकं कमी कसं, असं भाचीने विचारलं, तेव्हा मला आमच्या घरातल्या दोन मोठ्या शक्तींबद्दल सांगावं लागलं: मोड आणि बोहारीण. स्टील आलं तसं बायकांनी पितळ मोडीत घातलं. दुकानात जुनं पितळ वजनावर घ्यायचे आणि तेवढ्याच्या हिशेबात नवं चकचकीत स्टील द्यायचे. आजीच्या सासूची घंगाळी, हंडे, सतेली अशी गेली. बोहारीण यायची दुपारी. तिच्या टोपलीत स्टीलची, मागून प्लास्टिकची भांडी. तिला जुने कपडे द्यायचे. एका पातेल्यासाठी वडिलांची दोन पँटी आणि जरीची साडी गेल्याचं मला आठवतं, आणि त्यावरून झालेला संध्याकाळचा अबोलाही. केळकर ज्या काळात घरोघरच्या जुन्या वस्तू वाचवत हिंडत होते, त्याच्या शेवटच्या वर्षांत आमच्या बायका त्याच वस्तू आनंदाने घालवत होत्या.

मी त्यांना दोष देत नाही. पितळेचं कौतुक ते घासावं न लागणाऱ्यांनाच फार असतं. चिंच, राख, आंबट ताक, मग नारळाची शेंडी, मग स्वच्छ पाणी, मग लगेच पुसायचं, नाहीतर डाग. शिवाय कल्हई. पितळेत आणि तांब्यात आंबट शिजवलं की कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवायचा. काळं भांडं एका फेरीत चंद्रासारखं व्हायचं. आम्ही पोरं ते बघायला जमायचो. आजी मात्र पैसे मोजत उभी असायची. दर काही महिन्यांनी तो खर्च. स्टील आलं आणि तिची यातून सुटका झाली. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो, आणि आता तिथली तांब्याची भांडी लोक हौसेने शोभेला घेतात. आजी बघायला हवी होती.

शिल्पकार सुबोध गुप्ता यांनी २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची एक अवाढव्य कवटी केली, 'व्हेरी हंग्री गॉड'. मी ती फोटोतच पाहिलीय. बादल्या, डबे, पातेली, सगळं झगझगीत, कोरं. कलाकृती म्हणून ती जबरदस्त आहे, भुकेबद्दल जे म्हणायचं ते मोठ्याने म्हणते. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. तुळशीबागेतला आमचा दुकानदार तिच्यासमोर उभा राहिला असता तर त्याने आधी हेच विचारलं असतं, नाव घालायचंय का? नंतर २०१७ मध्ये गुप्तांनीच स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जुनी, पोचे पडलेली ॲल्युमिनियमची भांडी दोऱ्यांनी टांगून एक घर उभं केलं आणि आत स्वयंपाक करून लोकांना वाढला. कवटीपेक्षा हे घर मला जवळचं वाटतं. पोचा पडलेल्या भांड्याला निदान काहीतरी झालेलं असतं.

आणि बीजिंगच्या सुंग दुंग या कलावंताच्या आईची गोष्ट वाचली तेव्हा तर ती बाई आमच्या वाड्यातलीच निघाली. नवरा २००२ मध्ये अचानक गेला आणि तिने घरात सामान साठवणं आणखी वाढवलं. रिकाम्या टूथपेस्ट, बाटल्यांची झाकणं, पिशव्या, चिंध्या, बूट, काही टाकायचं नाही. मुलाने आईशी वाद घालायचं सोडलं आणि २००५ मध्ये ते सगळं घर प्रदर्शनात मांडलं. दहा हजारांवर वस्तू, घराच्या लाकडी सांगाड्यासकट. नाव चिनी म्हणीवरून, अर्थ साधारण असा की कुठलीही वस्तू वाया दवडू नये. मांडायला आई स्वतः आली आणि बघायला येणाऱ्यांशी गप्पा मारत बसायची. मग ते सामान न्यूयॉर्कला, लंडनला असं जगभर गेलं. त्यात साबणाच्या वड्या आहेत. साबण रेशनवर मिळायचा त्या काळात तिने मुलांना पुढे कमी पडू नये म्हणून जपून ठेवलेल्या. लग्नाच्या वेळी मुलाला दिल्या, तर तो म्हणाला, माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे. तिने त्या परत ठेवून दिल्या. त्याच्यासाठीच. दगडासारख्या झालेल्या त्या वड्यांतल्या काही त्या मुलाच्या वयापेक्षा जुन्या.

हे वाचून मी उठून आईचं कपाट उघडलं होतं. श्रीखंडाचे चौदा डबे, झाकणांसह.

असो. भाची फरशीवर बसली होती त्याकडे येते, कारण सगळ्यात शेवटी माळ्याच्या पार टोकाकडून तिने एक डबा ओढून काढला. पितळी, उभा, झाकणाचा. "ह्याच्यावरचं वाचता येत नाहीये," म्हणाली.

मी डबा हातात घेतला नाही. "तो त्यांचा डबा," एवढंच म्हटलं. आजी तसंच म्हणायची.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्यावर आदळलं, तेही फुटलं, आणि मुठा पुण्यात शिरली. आजी-आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदी हाकेच्या अंतरावर. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. आजीने चुलीवर आधण ठेवलेलं होतं. "पाणी आलं, पाणी आलं," असा ओरडा झाला तेव्हा तिने आधी आधण उतरवलं, मग मुलांना उचललं. यावरून पुढे आजोबा तिला आयुष्यभर बोलत. पण ती म्हणायची, जाळ पेटता टाकून बाहेर पडायचं असतं का? अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे गेले. दोन रात्री कुणाच्या तरी ओसरीवर काढल्या.

परत आले तर वाड्याची मागची भिंत नव्हती. चूल नव्हती. खोलीत गुडघाभर गाळ. त्यात हात घालून घालून आजीने काय मिळतंय ते बघितलं. स्वतःच्या भांड्यांपैकी एक पळी, एक झारा आणि परात मिळाली. आणि हा डबा. झाकण घट्ट बसलेला, म्हणून तरंगत आला असणार. पाण्याने आमचं नेलं आणि दुसऱ्या कुणाचं तरी आणून ठेवलं. आजीने झाकण उघडलं तर आत हळकुंडं, कोरडी ठणठणीत.

डब्यावर ठिपक्यांनी नाव होतं. बाबांना आठवतं की आजी तो डबा पदराखाली धरून कित्येक दिवस दारोदार जायची. आपल्या पेठेत, शनिवारात, मग जिथे जिथे पूरग्रस्तांची सोय केली होती तिथे. नाव वाचून दाखवायची, ओळखता का म्हणून विचारायची. बाबा बरोबर असायचे, पण सहा वर्षांच्या मुलाला नाव कुठलं लक्षात राहायला? त्यांना लक्षात आहे ते चिखलाने पायाला सुटलेली खाज आणि कुणीतरी दिलेला गूळ. कुणी ओळख दिली नाही. त्यानंतर आजीने ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. विचारलं तरी नाही. "त्यांचा डबा," म्हणायची. मला आता वाटतं, नाव घेतलं असतं तर त्या नावाच्या बाईचं काय झालं हा प्रश्नही घ्यावा लागला असता.

हळकुंडं तिने दळली नाहीत आणि टाकलीही नाहीत. दर उन्हाळ्यात पापड-कुरडयांबरोबर तीही गच्चीत वाळायला पडायची. एका वेगळ्या फडक्यावर. संध्याकाळी झटकून परत डब्यात. काही किडली, काही पोखरली, ती तुळशीत गेली.

आणि नाव? वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो त्या हलवाहलवीत डबा जिन्यावरून गडगडला आणि पोटावरचा उभा सांधा उसवला. आजी स्वतः तो घेऊन तांबटाकडे गेली. त्याने डाग देऊन सांधा जोडला. ठिपक्यांचा मजकूर नेमका सांध्याला लागून होता, त्यामुळे डागाची राखाडी पट्टी थेट नावावरून खाली आली. आज एवढंच वाचता येतं: वर 'चि. सौ. कां.', मग डाग, मग 'हिस'. खालच्या ओळीत 'मामांकडून'. त्याखाली पुन्हा डाग, आणि '५-५४'. म्हणजे १९५४ चा मे महिना. लग्नसराई. दिवस कुठला ते डागाखाली. बाईचं नाव गेलं, मामा राहिला, तोही नुसता मामा.

तांबटाने विचारलं असेल ना, आजी, नावावर येईल, चालेल ना? आणि आजी काय म्हणाली असेल? मी यावर बराच विचार केलाय. कधी वाटतं, तिच्या लक्षात आलं नसेल, डबा धड व्हावा एवढंच डोक्यात. कधी वाटतं, चांगलं लक्षात आलं असेल.

भाचीने तो डबा कॉलेजात नेला. वर्षाअखेरीला त्यांचं छोटंसं प्रदर्शन होतं. प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्यासमोर छापील कार्ड भरून ठेवायचं. मी गेले होते. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत टेबलं लावलेली. कुणी आजोबांची दाढीची पेटी आणलेली, कुणी रेशनकार्ड, कुणी मिश्रीची डबी. एका मुलाने स्टोव्हची पिन आणली होती. फक्त पिन. पांढऱ्या कागदावर ठेवलेली. त्याच्या वर्गातल्या एकालाही ती कशाची ते ओळखू आलं नव्हतं आणि आम्ही चाळिशीच्या पुढचे सगळे तिथे घोळका करून आपापल्या घरचे भडके सांगत होतो. त्या सबंध प्रदर्शनातली सगळ्यात बोलकी वस्तू तीच, हे मी भाचीसमोर बोलून गेले आणि तिने माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं.

तिच्या टेबलावर डबा डागाची बाजू पुढे करून ठेवलेला होता. मी असते तर भिंतीकडे केली असती. झाकण बाजूला, आत हळकुंडं, आणि एक चिठ्ठी: हात लावून बघा. लोक खरंच लावत होते. एका बाईंनी हळकुंड नाकाशी नेलं. "वास येतो की अजून," म्हणाल्या. मला तो कधीच आला नाही.

कार्डावर चार ओळी छापलेल्या होत्या. वस्तू: डबा. धातू: पितळ. काळ: मे १९५४. चौथी ओळ मालकाची. आदल्या रात्री यावरून तिचा फोन आला होता.

"मालक काय लिहू?"

"आजीचं नाव लिही. तुझ्या पणजीचं."

"पण पणजी मालक नव्हती ना, मावशी. तिने सांभाळला."

"मग तसं लिही."

तिने 'मालक' हा छापील शब्द पेनाने खोडून त्यावर 'सांभाळ' असं लिहिलं होतं, आणि पुढे आजीचं पूर्ण नाव. आजीचं पूर्ण नाव मी मतदार यादीनंतर पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेलं पाहिलं. शिक्षकांनी खाडाखोडीचे मार्क कापले की नाही ते मी विचारलं नाही.

आठवड्याने डबा घरी आला. पोटावर प्रदर्शनाचा नंबर चिकटवलेला, १७, नेमका 'मामांकडून'वर. असले स्टिकर काढायला मी खोबरेल तेल वापरते. बोटाने तेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग नखाने एका कोपऱ्याकडून. कागद निघाला पण गोंद ठिपक्यांत बसला होता, तो टाचणीने काढावा लागला, एकेक ठिपका. भाची समोर बसून चहा पीत होती. डबा पुसून कोरडा केला आणि हळकुंडं परत भरायला घेतली.

"अकरा होती," मी म्हटलं. "ही दहाच आहेत."

"नेलं असेल कुणीतरी."

"नेलं? अगं, साठ वर्षं…"

"मावशी, आपली कुठे होती ती?"

मी पुन्हा मोजली. दहाच.